तान्ह्या बाळाच्या पोटाचे जन्मजात विकार : रंग पाहा, वेळ नोंदवा

दीपमाळ

बालशल्यचिकित्सेत काम करताना एक गोष्ट सतत जाणवते. पोटाच्या जन्मजात विकारांचे निदान पुष्कळदा यंत्राच्या आधी आईच्या किंवा बाळाला सांभाळणाऱ्या माणसाच्या बोलण्यात सापडते. मात्र ते बोलणे 'बाळ उलट्या करते' किंवा 'पोट साफ होत नाही' एवढ्यावरच थांबले, तर डॉक्टरच्या हाती फारसे काही लागत नाही. उलटीचा रंग कोणता होता, ती दूध पाजल्यानंतर किती वेळाने झाली, जन्मानंतर पहिली शी किती तासांनी झाली, कावीळ कितव्या दिवशी दिसली आणि अजून आहे का, हे कळले की पुढची तपासणी कोणत्या दिशेने न्यायची ते ठरते. या धाग्यात मी रंग आणि वेळ या दोनच गोष्टींवर भर देणार आहे, कारण बाकी सगळे तपासणाऱ्याचे काम आहे आणि या दोन गोष्टी फक्त घरच्यांनाच ठाऊक असतात.

हिरव्या उलटीपासून सुरुवात करते. यकृतात तयार झालेले पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे पक्वाशयात, उतरते. उलटीत ते हिरवे पित्त आले, याचा अर्थ आतड्यातले द्रव खाली जाण्याऐवजी वर येते आहे, आणि अडथळा असलाच तर तो पित्त उतरण्याच्या जागेच्या खाली आहे. त्यामुळे नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की आतड्याला पीळ पडला आहे असे धरून चालायचे आणि तसे नाही हे तपासणीने दाखवायचे, असा आमच्याकडचा जुना नियम आहे आणि तो बदलण्याचे काही कारण आजवर पुढे आलेले नाही. हिरवी उलटी झालेल्या प्रत्येक बाळाला पीळ पडलेलाच निघतो असे मुळीच नाही. पण ज्याला तो असतो, त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो.

हा पीळ का पडतो, ते समजून घेण्यासारखे आहे. गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडे इतक्या वेगाने वाढते की ते पोटात मावत नाही. ते नाळेच्या मुळाशी बाहेर येते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत जाऊ लागते. या जाण्यायेण्यात ते आपल्या मुख्य रोहिणीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने एकूण २७० अंश फिरते आणि नंतर पोटाच्या मागच्या भिंतीला लांबरुंद रेषेवर चिकटते. हे फिरणे अर्धवट राहिले, तर ती रेषा आखूड राहते आणि जवळपास सगळे लहान आतडे एका अरुंद देठावर लोंबकळत राहते. त्या देठाला पीळ बसला की त्यातून जाणारा रक्तपुरवठा बंद होतो, आणि काही तासांत लहान आतड्यापासून मोठ्या आतड्याच्या आडव्या भागापर्यंतचे सगळे निकामी होऊ शकते. फसवी बाब अशी की अडथळा वरच्या टोकाला असल्याने सुरुवातीला पोट फुगत नाही, हाताला मऊ लागते, आणि साधा एक्स-रेही निर्दोष दिसू शकतो. पोट फुगून टणक झाले, शीतून रक्त आले, बाळ निस्तेज झाले, ही सगळी उशिराची लक्षणे आहेत. 'पोट तर मऊ आहे, उद्या बघू' हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. यावरची शस्त्रक्रिया बॉस्टनचे विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे: पीळ सोडवायचा, पक्वाशयावरून आडवे गेलेले पट्टे कापायचे, आतड्याचा अरुंद पाया उलगडून रुंद करायचा, आणि लहान आतडे उजवीकडे व मोठे आतडे डावीकडे ठेवायचे. आतडी 'पाठ्यपुस्तकातल्या' जागी परत बसवली जात नाहीत, हे ऐकून पालकांना आश्चर्य वाटते. पण पुन्हा पीळ पडू नये हा हेतू त्या मांडणीनेच साधतो.

दुसरी नोंद पहिल्या शीची. काळपट हिरवी, चिकट अशी ती पहिली शी पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बाळांना २४ तासांच्या आत होते, आणि ४८ तासांपर्यंत जवळपास सर्वांना. ती लांबली, पोट फुगू लागले, हिरवी उलटी झाली, तर जे विकार मनात येतात त्यांत हिर्शस्प्रुंगचा आजार महत्त्वाचा आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा फुगलेले मोठे आतडे हाच आजार आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात फुगलेला भाग धडधाकट असतो आणि त्याच्या खालचा, वरवर साधा दिसणारा भाग आजारी असतो. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी गर्भावस्थेत वरून खाली प्रवास करत गुदाशयापर्यंत पोहोचतात. तो प्रवास वाटेतच थांबला, तर उरलेल्या भागात त्या पेशीच नसतात आणि तो भाग सैल पडत नाही. वरचे आतडे ढकलत राहते, खालचे दार उघडत नाही. सुमारे ५००० जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो, मुलग्यांत त्याचे प्रमाण मुलींच्या सुमारे चौपट आहे, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो अधिक दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी: पहिली शी वेळेत झाली म्हणून हा आजार नाहीच, असे म्हणता येत नाही.

तिसरी नोंद शीच्या रंगाची आहे, आणि माझ्या मते हीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, कारण ज्या बाळात ती कामाची ठरते ते बाळ दिसायला अगदी ठणठणीत असते. दूध पिते, वजन वाढते, हसू लागते; फक्त डोळ्यांतला पिवळेपणा जात नाही, शी फिकट होत होत मातकट पांढरी होते आणि शू गडद पिवळी होऊन कपड्याला डाग पाडते. यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद होत जाण्याचा हा विकार. त्यात पित्त आतड्यात पोहोचत नाही आणि यकृतातच साचून त्याला जखडून टाकते. जपानमधल्या सेंडाई येथील मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत बंद नलिका काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. बाळ ६० दिवसांचे होण्याआधी ही शस्त्रक्रिया झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि त्यापुढे ती घटत जाते. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर रक्तातले एकूण बिलिरुबिनच (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) नव्हे तर त्यातले 'डायरेक्ट', म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेले, किती आहे, हे तपासून घ्यावे. अंगावर पिणाऱ्या आणि अन्यथा उत्तम असलेल्या बाळात तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबता येते, पण शी फिकट असेल तर एक दिवसही नाही. तैवानने २००४ पासून देशभर पालकांना शीच्या रंगांचा तक्ता द्यायला सुरुवात केली आणि जपानने २०१२ मध्ये तो माता-बाल आरोग्य पुस्तिकेतच छापला. छापील कागदाच्या एका तुकड्यावर लंगोट धरून रंग जुळवून पाहणे, इतके साधे ते साधन आहे, आणि त्यामुळे तैवानमध्ये ही बाळे वेळेत शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण वाढले.

जन्मतःच लक्षात येणारे विकार येथे थोडक्यात आटोपते, कारण त्यांत पालकांपेक्षा प्रसूतिकक्षातल्या माणसांची जबाबदारी मोठी आहे. अन्ननलिका मध्येच बंद असेल, तर बाळाच्या तोंडातून सतत फेसाळ लाळ येते आणि पहिल्याच घोटाला ते गुदमरते, निळे पडते. तोंडातून घातलेली नळी सुमारे १० सेंटीमीटरवर अडते आणि कितीही अलगद ढकलली तरी तिथूनच वळून परत येते. एक्स-रेमध्ये तिचे वेटोळे वरच्या बंद कप्प्यात दिसते. गुदद्वाराची जागा पाहून खात्री करणे हे तर दहा सेकंदांचे काम आहे आणि ते प्रत्येक बाळाच्या पहिल्या तपासणीत झालेच पाहिजे.

---

शेवंती

धागा अत्यंत उपयुक्त आहे. माझे बाळ सव्वा महिन्याचे आहे आणि ते दिवसातून अनेकदा दूध टाकते. कधी ते नुसते ओघळते, तर कधी दह्यासारखे फाटलेले बाहेर येते. रंग पांढराच असतो. वजन व्यवस्थित वाढते आहे, असे डॉक्टर म्हणाले. तरीही याच वयात जठराचे तोंड अरुंद होण्याचा एक विकार असतो असे वाचल्यापासून मनाला स्वस्थता नाही. साधी गुळणी आणि तो विकार यांतला फरक घरी कसा ओळखावा?

---

दीपमाळ

शेवंती, वजन व्यवस्थित वाढते आहे या एकाच वाक्याने तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात ढिली असते, बाळाचा आहार सगळा पातळ असतो आणि ते बहुतेक वेळ आडवे असते. त्यामुळे दूध वर येणे हे अपेक्षितच आहे. हे प्रमाण चार महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि वर्षभरात बहुतेक मुलांचे आपोआप थांबते. अशा बाळाला औषधांची गरज सहसा नसते, आणि दूध वर येते म्हणून त्याला पालथे झोपवणे तर चुकीचेच आहे. झोपवायचे ते पाठीवरच.

जठराच्या बाहेरच्या तोंडाचा स्नायू जाड होत जाण्याचा जो विकार तुम्ही वाचला, तो जन्मतः दिसत नाही. तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत उघड होतो, मुलग्यांत आणि त्यातही पहिल्या अपत्यात अधिक आढळतो. त्यातली उलटी दिवसागणिक वाढत जाते, ती ओघळत नाही तर जोराने दूरवर उडते, पाजल्यानंतर थोड्याच वेळात होते आणि तिचा रंग कधीही हिरवा नसतो, कारण अडथळा पित्त मिसळण्याच्या जागेच्या वर असतो. सर्वांत ठळक खूण उलटीनंतरच्या वागण्यात असते: आजारी वाटणारे बाळ दूध नाकारते, हे बाळ मात्र उलटी होताच पुन्हा भुकेने रडू लागते. नंतर वजन थांबते, मग घटते, शू कमी होते.

तपासताना बाळाला शांत पाजत ठेवून पोटाकडे तिरप्या उजेडात पाहिले, तर डावीकडून उजवीकडे सरकणारी जठराची लाट कातडीखाली दिसू शकते, आणि बोटांच्या टोकांना उजवीकडे, यकृताच्या कडेखाली, एक घट्ट गाठ लागते. हल्ली सोनोग्राफीमुळे ही कला मागे पडली आहे. सोनोग्राफीत स्नायूची जाडी साधारण ३ मिलिमीटरहून अधिक आणि मार्गाची लांबी १५ मिलिमीटरहून अधिक भरली की निदान पक्के होते.

एक गोष्ट पालकांना विचित्र वाटते आणि तिच्यावरून वादही होतात. निदान झाले तरी शस्त्रक्रिया त्याच रात्री होत नाही. सतत जठरातले आम्ल बाहेर गेल्याने बाळाच्या रक्तातले क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलेले असते आणि रक्त अल्कधर्मी झालेले असते. त्या स्थितीत भूल दिली, तर नंतर बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी सलाईनने क्षारांचे प्रमाण सुधारायचे, प्रसंगी त्याला एक-दोन दिवस द्यायचे, आणि मग शस्त्रक्रिया. जर्मनीतले कोनराड रामश्टेट यांनी १९११ साली स्नायू उभा चिरून आतले अस्तर तसेच ठेवण्याची पद्धत वापरली. आजही तेच करतात आणि बाळ काही तासांतच दूध पिऊ लागते.

---

आडवाट

माहिती अचूक असेल, त्याविषयी वाद नाही; पण असे धागे वाचून नव्या आईवडिलांची झोप उडते, हेही कोणीतरी म्हणायला हवे. बहुतेक बाळे दूध टाकतात, बहुतेक बाळे कुंथतात, रडतात, तीन दिवस शी करत नाहीत आणि तरीही व्यवस्थित वाढतात. हजारो निरोगी बाळांना रुग्णालयात धाडून त्यांतून एक आजारी बाळ शोधायचे, ही पद्धत मला पटत नाही. विशेषतः हिरव्या उलटीमागे नेहमीच पीळ नसतो, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे.

---

क्ष_किरण

मी रेडिओलॉजीत काम करतो, म्हणून आडवाट यांच्या मुद्द्याला माझ्या बाजूने उत्तर देतो.

हिरव्या उलटीसाठी पाठवलेल्या बहुसंख्य नवजात बाळांची तपासणी निर्दोष येते, हे खरे आहे, आणि त्यात मला काहीही वावगे वाटत नाही. तपासणी अशी असते: बाळाला एक्स-रेत उठून दिसणारे थोडे कॉन्ट्रास्ट औषध पाजतात किंवा नळीने देतात आणि ते जठरातून पुढे सरकताना पडद्यावर पाहतात. पक्वाशय पाठीच्या कण्याच्या डावीकडे येऊन जठराच्या मुखाच्या उंचीपर्यंत वर चढते का, एवढा एकच प्रश्न असतो. ते चढले नाही, उजवीकडेच खाली उतरत गेले, तर फिरणे अपुरे राहिले आहे. औषध स्क्रूच्या आट्यांप्रमाणे गोल फिरत उतरताना दिसले, तर पीळ पडलेला आहे आणि तिथून थेट शस्त्रक्रियागृह. सोनोग्राफीत शीर रोहिणीभोवती भोवऱ्याप्रमाणे फिरलेली दिसली, तरी अर्थ तोच. चुकीच्या संशयाची किंमत एवढी एक तपासणी आहे. न घेतलेल्या संशयाची किंमत बाळाचे जवळपास सगळे लहान आतडे असू शकते. ही दोन्ही पारडी समान नाहीत, म्हणून 'बहुतेकांना काही नसते' हा युक्तिवाद येथे चालत नाही. गुळणीच्या बाबतीत मात्र तो पूर्णपणे चालतो, आणि पांढऱ्या गुळणीसाठी आमच्याकडे पाठवलेल्या बाळांची संख्या कमी झाली तर मला आनंदच होईल.

आणखी एक व्यवहाराची सूचना. उलटीचा किंवा शीचा रंग शब्दांत सांगण्यापेक्षा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढावा आणि डाग पडलेला कपडा सोबत आणावा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा रंग ओळखता येत नाही.

---

आडवाट

तोलाचा मुद्दा मान्य आहे. माझा आक्षेप मग गुळणी, कुंथणे आणि रडणे यांच्यापुरताच ठेवतो.

---

दीपमाळ

तो आक्षेप मलाही मान्य आहे. निव्वळ अंगावर पिणारे बाळ पहिल्या काही आठवड्यांनंतर अनेक दिवस शी न करता राहू शकते आणि नंतर जी होते ती मऊ असते; तो आजार नाही. तसेच सहा महिन्यांच्या आतली काही बाळे शी करण्याआधी दहा-दहा मिनिटे लालबुंद होऊन कुंथतात, रडतात आणि शेवटी मऊ शी करतात. पोटावर जोर देताना खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ त्यांना अजून जमलेला नसतो, एवढेच. अशा वेळी गुदद्वारात काहीही घालून शी करवू नये. त्याने बाळाचे तो मेळ शिकणे लांबते.

---

पाऊलखूण

आमच्या मुलाला हिर्शस्प्रुंगचा आजार होता आणि त्याची शस्त्रक्रिया तान्हेपणीच झाली. तो आता शाळेत जातो. निदानाविषयी दीपमाळ यांनी लिहिलेच आहे, म्हणून मी त्यापुढचे लिहितो, कारण त्याविषयी आम्हाला फार कमी वाचायला मिळाले.

बायोप्सी हा शब्द ऐकून आम्ही घाबरलो होतो. प्रत्यक्षात गुदाशयाच्या अस्तराचा एक छोटासा कण शोषून घेणाऱ्या उपकरणाने काढतात. तान्ह्या बाळाला त्यासाठी बहुधा भूलही लागत नाही, कारण त्या जागेला वेदना जाणवत नाही. पेशी नाहीत हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्याशिवाय कोणी शस्त्रक्रियेचे नाव काढत नाही. शस्त्रक्रियेत पेशी नसलेला भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात. १९४८ साली ऑर्व्हार स्वेन्सन यांनी ही कल्पना पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली, आणि आता अनेक बाळांत पोटावर मोठा छेद न देता खालूनच हे काम होते.

आम्हाला वाटले होते की शस्त्रक्रिया झाली म्हणजे विषय संपला. तसे होत नाही, आणि हे आधी सांगितले गेले असते तर आमचा मनस्ताप वाचला असता. पहिले काही महिने दिवसातून अनेक वेळा पातळ शी होते आणि ढुंगणाची कातडी अक्षरशः सोलवटते. प्रत्येक वेळी पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यायचा आणि पुढच्या वेळी तो थर खरवडून न काढता फक्त वरची घाण काढायची, हे एका परिचारिकेने हाताला धरून शिकवले तेव्हा जखमा भरल्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आतड्याच्या दाहाची आहे. शस्त्रक्रियेनंतरही, अगदी बऱ्याच काळाने, पोट एकाएकी फुगते, ताप येतो आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी फवाऱ्यासारखी होते. वरवर पाहता हे साध्या जुलाबासारखे दिसते आणि आम्हालाही एका ठिकाणी तसेच सांगून परत पाठवले होते. हिर्शस्प्रुंग असलेल्या मुलाच्या बाबतीत ही जिवावरची बाब असते. त्याला शिरेतून सलाईन, प्रतिजैविके आणि गुदमार्गे नळीने आतडे धुणे यांची तातडीने गरज असते. तेव्हापासून आम्ही मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी ठेवतो: आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव, आणि 'पोट फुगून जुलाब झाल्यास थांबू नये' एवढे एक वाक्य.

---

माजघर

पाऊलखूण यांचा अनुभव वाचून विचारते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि गेले वर्षभर तिला बद्धकोष्ठाचा त्रास आहे. शी आली की ती कोपऱ्यात उभी राहून पाय आवळते. तिला हा आजार असू शकतो का? तिची जन्मानंतरची पहिली शी त्याच दिवशी झाली होती आणि लंगोट सुटेपर्यंत काहीच तक्रार नव्हती.

---

दीपमाळ

माजघर, तुम्ही दिलेल्या दोन नोंदींमुळे ती शक्यता फारच कमी होते. मुलांमधल्या बद्धकोष्ठाच्या बहुतांश प्रकरणांत आतड्यात कोणताही दोष नसतो. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल ती रोखून धरू लागते, रोखलेली शी आणखी कडक होते, आणि चक्र सुरू होते. पाय आवळून उभे राहणे म्हणजे कुंथणे नव्हे, ते रोखणे आहे. साचलेली शी आधी औषधाने पूर्ण मोकळी करून नंतर शी मऊ ठेवणारे औषध अनेक महिने चालू ठेवावे लागते, आणि पालकांकडून होणारी नेहमीची गोष्ट म्हणजे बरे वाटताच ते लवकर बंद करणे. तक्रार पहिल्या महिन्यातच सुरू झाली असती, पोट कायम फुगलेले असते, वजन वाढत नसते, तर माझे उत्तर वेगळे असते.

---

तळटीप

मी बालकांच्या पचनविकारांच्या विभागात काम करते. वरच्या चर्चेत अडथळ्यांचे विकार आले, जुलाबांचे राहिले. तेथेही 'कधी सुरू झाले' हाच प्रश्न सगळे उलगडतो.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच, दूध सुरू होताच, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर दुर्मीळ जन्मजात दोषांचा विचार करावा लागतो. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज शोषून घेणारे वाहक प्रथिनच सदोष असेल, तर आईच्या दुधातली शर्कराही आतड्यात तशीच पडून राहते आणि पाणी ओढून घेते. दूध थांबवले की जुलाब थांबतात, आणि फ्रुक्टोजवर आधारित विशेष दूध दिले की बाळ वाढू लागते. याउलट क्लोराइडच्या वहनात दोष असेल, तर तोंडावाटे काहीही न देताही जुलाब चालूच राहतात. उपाशी ठेवल्यावर काय होते, हे काही तास नीट पाहिले तरी निम्म्या शक्यता गळून पडतात.

या बाळांच्या बाबतीत एक फसगत अनुभवी माणसांचीही होते. शी इतकी पातळ आणि रंगहीन असते की लंगोटात ती शोषली जाते आणि सगळ्यांना ती शूच वाटते. बाळ सुकत चालले आहे, वजन घटते आहे आणि 'शू मात्र भरपूर होते' असे सांगितले जाते, तेव्हा मी शूच्या जागी चिकट पिशवी लावायला सांगते. पिशवी कोरडी आणि लंगोट ओला, असे दिसले की उत्तर मिळाले.

रोजच्या वापरातल्या साखरेचे (सुक्रोजचे) विघटन करणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात उणीव मात्र आईच्या दुधावर असेपर्यंत लपून राहते, कारण त्या दुधात ती साखर नसते. वरचे अन्न किंवा साखर मिसळलेले औषध सुरू होताच जुलाब आणि पोटफुगी सुरू होते. सीलिअॅक आजारही, ज्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते, गहू किंवा त्या वर्गातले धान्य आहारात आल्यानंतरच दिसतो: वजनाची रेषा जी आधी नीट चढत होती ती आडवी होते, पोट पुढे येते, हातपाय बारीक होतात, मूल चिडचिडे होते. येथे एकच विनंती आहे. संशय आला म्हणून गहू स्वतःहून बंद करून मग तपासणीला येऊ नये. गहू बंद झाला की रक्तातली प्रतिपिंडे उतरतात, आतड्याचे अस्तर सुधारू लागते, आणि निदान करण्यासाठी मुलाला तेच अन्न पुन्हा अनेक आठवडे खाऊ घालण्याची वेळ येते.

---

शेवंती

सर्वांचे आभार. शेवटचा एक प्रश्न: वर उल्लेख आलेले बहुतेक विकार पहिल्या एक-दोन महिन्यांतले आहेत. त्यानंतर, बाळ बसू-रांगू लागण्याच्या वयात, असे तातडीचे काय असू शकते?

---

दीपमाळ

शेवंती, त्या वयातला सर्वांत महत्त्वाचा तातडीचा विकार म्हणजे आतड्यात आतडे शिरणे. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो आणि आपली रक्तवाहिन्यांची झालरही सोबत ओढून नेतो. पाच ते नऊ महिन्यांत हे सर्वाधिक दिसते, तीन वर्षांपर्यंत दिसू शकते, आणि बहुतेक वेळा मूल त्याआधी पूर्णपणे निरोगी असते. कधी कधी मात्र आठवडाभर आधी सर्दी किंवा जुलाब होऊन गेलेले असतात.

येथेही वेळ बोलते. मूल अचानक किंचाळते, पाय पोटाशी घेते, पांढरे पडते, काही मिनिटांनी शांत होते आणि इतके शांत होते की घरच्यांना हायसे वाटते. मग पंधरा-वीस मिनिटांनी तेच पुन्हा. या पाळ्यांची घड्याळ पाहून नोंद केली, तर ती नोंदच निदानाकडे नेते. रक्त आणि शेंब मिसळलेली लाल शी हे पुस्तकात ठळक छापलेले लक्षण उशिरा येते आणि त्याची वाट पाहू नये. काही मुलांत तर रडणे फारसे नसतेच. मूल फक्त मलूल पडते, हाक मारली तरी पुरता प्रतिसाद देत नाही, आणि सगळ्यांचे लक्ष मेंदूकडे जाते. अशा मुलाच्या पोटाची सोनोग्राफी करायला विसरू नये. तीत एकात एक वर्तुळे दिसतात.

वेळेत आलेल्या बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. गुदमार्गे ठरावीक दाबाने हवा किंवा द्रव सोडून, पडद्यावर पाहत, शिरलेले आतडे मागे ढकलतात, आणि सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक मुलांत ते सुटते. उशीर झाला असेल, पोटाच्या आवरणाला सूज आली असेल किंवा आतड्याला भोक पडले असेल, तर मात्र हा मार्ग बंद होतो. सुटल्यानंतर साधारण दहापैकी एका मुलात ते पुन्हा शिरते, आणि असे होण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत विशेष असतो. त्या काळात पाळ्या पुन्हा सुरू झाल्या तर घरी वाट न पाहता, रात्र असली तरी, मुलाला त्याच रुग्णालयात परत न्यावे आणि आधी काय झाले होते ते दारातच सांगावे.